युद्ध त्यांचं, पोरं आपली

२०१५ सालची गोष्ट. दहावीच्या वर्गावर मराठीचा तास संपला होता. पोरं डबे उघडत होती. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा माझ्याजवळ आला. अभ्यासात मध्यम, पण नमाजी, अदबीनं बोलणारा. आवाज खाली करून त्यानं विचारलं, "सर, तिकडं शामला जाणं आपल्यावर फर्ज आहे का?"

शाम म्हणजे सीरिया. मी चपापलो. आधी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग म्हणालो, "असलं काही बोलू नकोस. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, अभ्यास कर." तो मान खाली घालून गेला. स्टाफरूममध्ये एका जुन्या सहकाऱ्याला हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं केलंत. असले विषय काढायचेच नाहीत. भिंतीला कान असतात."

मी बरं केलं नव्हतं. बी.एड.ला एक गोष्ट शिकलो होतो, की मुलाचा प्रश्न परत पाठवू नये. उत्तर मिळालं नाही म्हणून प्रश्न मरत नाही, तो दुसऱ्या कुणाकडं जातो. आणि त्या वर्षी उत्तर द्यायला बसलेले लोक माझ्यापेक्षा फार तयारीचे होते. त्यांच्याकडं व्हिडिओ होते, तराणे होते आणि चोवीस तास वेळ होता. माझ्याकडं फक्त भीती होती.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मी आलिम नाही, सुरक्षातज्ज्ञही नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते रोज पाहतो. म्हणून हे लिहितोय. परक्या देशातल्या लढाईत कडव्या संघटनेचा स्वयंसेवक म्हणून जाणं हा दीनचा मामला नाही. तो आपल्या घराच्या, मोहल्ल्याच्या आणि देशाच्या सुरक्षेचा मामला आहे. आणि ज्यांची पोरं या जाळ्यात ओढली जातात, ते आपणच त्याविषयी सगळ्यांत कमी बोलतो.

कल्याणचे चौघे

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून गायब झाले. शिकलेली, खात्यापित्या घरची पोरं. घरच्यांना पत्ता नव्हता. त्यांनीच पोलिसांत धाव घेतली. पोरं मोसुलकडं गेली होती, 'दौलत-ए-इस्लामिया' म्हणवणाऱ्या आयसिसकडं. काही महिन्यांनी चौघांपैकी एक मारला गेल्याचा निरोप घरी आला. आईबापांनी काय सोसलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये तोच मुलगा तुर्कस्तानमार्गे जिवंत परत आला आणि एनआयएनं त्याला ताब्यात घेतलं. बाकीचे तिघे परतले नाहीत.

त्याच्या चौकशीतून बाहेर आलेल्या गोष्टी तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आल्या होत्या. तिथं त्याला पाणी भरायला आणि संडास साफ करायला लावलं, जखमी झाल्यावर कुणी विचारलं नाही, असं त्यात होतं. त्याचं खरंखोटं ठरवायला न्यायालय आहे. पण जगभरातून परतलेल्या अनेकांच्या कहाण्या याच वळणाच्या आहेत. पोस्टरवर घोडा आणि तलवार असते, आणि पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो. एकदा पासपोर्ट गेला, की मुजाहिद कसला, वेठबिगार.

आता दुसरी गोष्ट ऐका. त्याच वर्षी जून महिन्यात मोसुल आयसिसच्या हाती गेलं. तिथं बांधकामावर राबणाऱ्या ३९ भारतीय मजुरांना त्यांनी पकडलं. पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालची गरीब माणसं, पोट भरायला गेलेली. त्यांना ठार करून पुरलं. मार्च २०१८ मध्ये संसदेत त्यांच्या मृत्यूवर शिक्कामोर्तब होईपर्यंत त्यांच्या बायका चार वर्षं वाट पाहत होत्या. म्हणजे ज्या उन्हाळ्यात आपल्या राज्यातली चार पोरं 'उम्मतच्या मदतीला' म्हणून निघाली, त्याच उन्हाळ्यात त्यांच्या त्या उम्मतवाल्यांनी आपल्या देशाच्या ३९ मजुरांना मारलं. कल्याणच्या पोरांचा त्यात हात होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्या झेंड्याखाली ती गेली, त्या झेंड्यानं मारलेले लोक कोण होते, हे आपल्या मुलांना कुणी सांगितलं का?

रक्षणाला गेलेले काय करून आले

"मुसलमानांवर जुलूम होतोय, त्यांच्या रक्षणाला चला." भरतीचं पहिलं वाक्य नेहमी हेच असतं. जुलूम खरा असतो. म्हणूनच हे वाक्य चालतं. सीरियात बशर अल-असदच्या फौजेनं शहरंच्या शहरं उद्ध्वस्त केली, हे कुणीही नाकारू शकत नाही. पडद्यावर ढिगाऱ्याखालचं लेकरू पाहून ज्याचं काळीज हलत नाही, त्याला काळीजच नाही. प्रश्न त्या कळवळ्याचा नाही. तो कळवळा विकत घेणाऱ्यांचा आहे.

त्यांनी काय केलं, पाहा. जुलै २०१४ मध्ये मोसुलमधली हजरत युनूस अलैहिस्सलाम यांच्या नावानं ओळखली जाणारी मजार आणि मशीद सुरुंगानं उडवली. जून २०१७ मध्ये हार दिसू लागली, तेव्हा शेकडो वर्षांची अन-नूरी मशीद आणि तिचा तो झुकलेला मिनार उडवला. ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारमध्ये यझिदी पुरुष मारले आणि त्यांच्या बायका-मुली बाजारात विकल्या. इराकमध्ये त्यांच्या बॉम्बांनी मेलेल्यांत सगळ्यांत मोठा वाटा कुणाचा, तर कलमा पढणाऱ्यांचाच.

आणि हे फक्त अरबांनी केलं, असं समजून सुटका करून घेऊ नका. २०१६ मध्ये केरळमधून, मुख्यतः कासरगोड जिल्ह्यातून, वीसेक जणांचा गट अफगाणिस्तानात नंगरहारला गेला. बायका, पोरं, एक-दोन तर पोटातली. २५ मार्च २०२० रोजी काबूलच्या गुरुद्वारावर हल्ला झाला. सकाळच्या अरदाससाठी जमलेले २५ जण मारले गेले. आयसिसनं त्यातल्या एका हल्लेखोराला 'अल-हिंदी' म्हणून मिरवलं आणि हा काश्मीरचा बदला असल्याचं जाहीर केलं. तो मूळचा कासरगोडचा असल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. थोडं थांबून विचार करा. काश्मीरचा बदला, काबूलमध्ये, गुरुद्वारात पाठ ऐकत बसलेल्या शीख म्हाताऱ्या-कोताऱ्यांवर! यात कुठला दीन आहे? यात साधी अक्कल तरी आहे का?

धोका नेमका कसा येतो

आपल्यात एक समज आहे, की गेला तो गेला. दूरच्या देशात मेला तर मेला, इथं काय बिघडतं? बिघडतं. इतिहास तसा आहे.

१९८४ मध्ये पॅलेस्टिनी वक्ता अब्दुल्ला अज्जाम यानं पेशावरला परदेशी स्वयंसेवकांसाठी एक कचेरी उघडली. सोव्हिएत फौजांविरुद्ध लढायला अरब देशांतून तरुण येऊ लागले. तेव्हा अमेरिका, पाकिस्तान, सौदी, सगळेच खूश होते. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परत गेल्या. त्याच वर्षी खुद्द अज्जाम पेशावरमध्ये बॉम्बनं मारला गेला. मग ही पोरं घरी परतली. काहींनी दुकानं टाकली, लग्नं केली. पण काहींना लढाईशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. अल्जीरियात १९९० च्या दशकात जो गृहकलह पेटला, त्यातल्या सगळ्यांत क्रूर टोळीच्या पायाशी अफगाणिस्तानातून परतलेले लोक होते. त्या दशकात तिथं दीड लाखाच्या आसपास माणसं मेल्याचा अंदाज आहे. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, गावं मुसलमानांची. आणि पेशावरच्या त्याच वर्तुळातून अल-कायदा निघाली.

सीरिया-इराकच्या युद्धात हेच पुन्हा, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालं. शंभराहून अधिक देशांतून चाळीस हजारांच्या आसपास लोक गेल्याचे अंदाज आहेत. मे २०१४ मध्ये ब्रुसेल्सच्या ज्यू संग्रहालयात चौघांना मारणारा माणूस सीरियातून परतलेला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले. त्या टोळीतले बरेच जण सीरियात राहून आलेले होते.

परतणारा प्रत्येक जण बॉम्ब फोडतो का? नाही. नॉर्वेचे अभ्यासक थॉमस हेगहॅमर यांनी १९९० ते २०१० या काळात पाश्चात्त्य देशांतून बाहेरच्या लढायांत गेलेल्यांचा अभ्यास केला. मायदेशी हल्ल्यात सामील झालेल्यांचं प्रमाण जास्तीत जास्त नवात एक निघालं. पण त्याच अभ्यासात दुसरंही आहे. कटात असा लढून आलेला माणूस असेल, तर तो कट तडीस जाण्याची आणि जास्त माणसं मरण्याची शक्यता वाढते. नवातल्या आठांना गुन्हेगार समजणं हा अन्याय आहे, आणि नवव्याकडं डोळेझाक करणं हा मूर्खपणा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

धोका फक्त परतणाऱ्याचा नसतो. जो परतत नाही, तोही फोनवरून परत येतो. कर्नाटकातल्या भटकळचा एक जण सीरियात बसून भारतातल्या पोरांशी चॅटवर बोलायचा, त्यांना हल्ल्यांसाठी तयार करायचा, असं तपासातून पुढं आलं. २०१७ मध्ये अमेरिकेनं त्याचं नाव जागतिक दहशतवाद्यांच्या यादीत घातलं. तो स्वतः सुरक्षित अंतरावर होता. तुरुंगात गेली ती इथली पोरं, कुणी विशीतलं, कुणी जेमतेम कॉलेजला जाणारं. आजही त्यांच्या अम्मी तारखांना कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या असतात.

आणि बायका-लेकरं? केरळहून अफगाणिस्तानात गेलेल्यांचे नवरे मेल्यावर चार भारतीय बायका लेकरांसह काबूलच्या तुरुंगात होत्या. मुलीला आणि नातीला परत आणा म्हणून एका बापानं सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. सीरियाच्या अल-होल छावणीत २०१९ मध्ये सत्तर हजारांवर माणसं कोंबलेली होती, बहुतेक बायका आणि मुलं. ती मुलं तंबूत मोठी होत होती. त्यांना शाळा कोण देणार? शाळा नाही मिळाली, तर त्यांना पुढचा धडा कोण शिकवणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हा रोग एकाच कौमचा नाही

काही हिंदू मित्र हे वाचतील आणि म्हणतील, बघा, शेवटी तुमच्याकडूनच कबुली. त्यांच्यासाठी एक उदाहरण. २०१६च्या नोव्हेंबरपासून २०१७च्या जानेवारीपर्यंत स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात बॉम्बस्फोट झाले. निर्वासितांच्या निवाऱ्याजवळही एक झाला. करणारे गोरे नवनाझी होते. त्यातल्या दोघांनी रशियात सेंट पीटर्सबर्गला जाऊन प्रशिक्षण घेतलं होतं, ते 'रशियन इम्पीरियल मूव्हमेंट' या संघटनेकडून. तीच संघटना पूर्व युक्रेनच्या लढाईत स्वयंसेवक पाठवत होती. २०२० मध्ये अमेरिकेनं तिला दहशतवादी ठरवलं. तिथं कलमा नव्हता, अरबी नव्हती. यंत्र मात्र तेच होतं: दूरची लढाई, थोर वंशाची किंवा धर्माची हाक, बंदुकीचं शिक्षण, आणि मग आपल्याच शहरातल्या दुबळ्या माणसावर हल्ला.

हे मी 'तेही करतात' म्हणून सांगत नाही. दुसऱ्याच्या घराला आग लागली म्हणून आपल्या घरची विझत नाही. मी हे यासाठी सांगतो, की रोगाचं नाव नीट कळलं तर औषध सापडतं. रोगाचं नाव इस्लाम असं लिहिलं, तर सतरा कोटी लोकांना आजारी ठरवावं लागेल आणि खरा आजारी गर्दीत निसटेल.

आपल्या तीन सबबी

आता आपल्या लोकांशी बोलतो. या विषयावर आपल्याकडं तीन उत्तरं तयार असतात.

पहिलं, "ही सगळी साजिश आहे. आयसिस अमेरिकेनं बनवली." इराकवर अमेरिकेनं हल्ला केला नसता तर आयसिस जन्मली नसती, हे मीही मानतो. पण समजा, सगळीच साजिश आहे. मग तर आपली पोरं त्या साजिशीला बळी पडू नयेत म्हणून आपण दुप्पट बोललं पाहिजे! सापळा शत्रूनं लावलाय हे माहीत असून लेकरांना सांगायचं नाही, ही कुठली हुशारी?

दुसरं, "आपली संख्या किती? नगण्य." खरं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या २०२०च्या दहशतवादविषयक अहवालात आयसिसशी जोडलेल्या भारतीय वंशाच्या लढवय्यांचा ज्ञात आकडा ६६ आहे. २०११च्या जनगणनेत भारतात मुसलमान होते १७ कोटींहून अधिक. जगभरची भरती पाहता ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे. आपल्या सुफी परंपरेची, शेजारधर्माची, आणि या देशात मतपेटीतून बोलता येतं त्या सोयीची. हा आकडा आपल्याकडं संशयानं बघणाऱ्यांच्या तोंडावर ठणकावून सांगावा. पण तोच आकडा स्वतःला झोप लागावी म्हणून वापरू नये. चार पोरं कल्याणहून गेली आणि पुढं कित्येक वर्षं आपली पोरं त्याचा हिशेब देत राहिली. माझ्या भाच्याला आखातात नोकरी लागली होती. पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या माणसानं त्याला विचारलं, "दाढी कधीपासून ठेवलीस?" तो प्रश्न अपमानाचा होता, बेकायदा होता, आणि त्याबद्दल मी आजही चिडतो. पण त्या माणसाच्या हातात ही काठी ज्यांनी दिली, त्यांच्यावरही मला चिडता आलं पाहिजे.

तिसरं, "उलेमांनी फतवे दिलेत की." दिलेत, आणि त्यांचे उपकार आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या १२६ आलिमांनी बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचा एकेक दावा खोडून काढला. २०१५ मध्ये भारतातल्या हजाराहून अधिक उलेमांनी आयसिसविरुद्ध फतव्यावर सह्या केल्या. पण मला सांगा, तुमच्या मोहल्ल्याच्या जुम्याच्या खुतब्यात हे किती वेळा आलं? माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी एकालाही त्या पत्राचं नाव माहीत नव्हतं. भरतीचे व्हिडिओ मात्र ऐकलेले निघाले. फतवा फाइलीत राहिला आणि फितना मोबाइलमध्ये पोचला.

दीनचं म्हणाल, तर प्रत्येक मकतबमध्ये सांगितली जाणारी एक गोष्ट पुरे आहे. लढाईला येऊ का, म्हणून विचारायला आलेल्या तरुणाला हुजूरनी आधी विचारलं, तुझे आईबाप हयात आहेत का? तो हो म्हणाला, तेव्हा त्यांचीच खिदमत कर, हाच तुझा जिहाद, असं सांगून त्याला परत पाठवलं. आणि हे लोक आईबापांना न सांगता, चोरून, खोट्या बहाण्यानं पोरं पळवतात. जे काम अम्मीपासून लपवावं लागतं, ते अल्लाहचं काम असेल का?

एकदा ठेच लागली होती

आपण इतिहास विसरतो, म्हणून पुन्हा ठेचकाळतो. १९२० साली खिलाफतीच्या काळात हिंदुस्तान सोडून हिजरत करा, अफगाणिस्तानात चला, अशी हाक उठली. मौलाना आझादांसारख्या थोर माणसाचाही फतवा त्यात होता. सिंध, पंजाब, सरहद्दीकडच्या हजारो गरिबांनी जमिनी, गुरं मातीमोल विकली आणि बैलगाड्या जोडल्या. अमीर अमानुल्लानं आधी स्वागताची भाषा केली होती. एवढी माणसं पाहून ऑगस्ट १९२० मध्ये त्यानं दार लावलं. खैबरच्या वाटेवर उन्हानं, आजारानं माणसं मेली. जे परतले, त्यांना परतायला घर उरलं नव्हतं. हाक देणाऱ्यांचं फारसं काही गेलं नाही. गेलं ते हाक ऐकणाऱ्यांचं.

मग दूरच्या दुःखासाठी काहीच करू नये का? जरूर करावं. १९१२ मध्ये बाल्कन युद्धात तुर्की सैनिक मरत होते, तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी भारतातून वैद्यकीय पथक घेऊन गेले. जाहीर वर्गणी काढून, उघड निरोप घेऊन. जखमींवर उपचार केले आणि पुढच्या वर्षी परत येऊन देशाच्या स्वातंत्र्यासाठी राबले. आणि माझ्या सोलापूरकरांना तर दुसरं नाव सांगायलाच नको. १९३८ मध्ये काँग्रेसनं जपानी हल्ल्याशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यातले द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९४२ मध्ये ते तिथंच गेले, वय अवघं बत्तीस. चीन आजही त्यांना विसरलेला नाही. मी दरवर्षी मुलांना कोटणीसांच्या स्मारकात नेतो आणि सांगतो, परक्या युद्धात असंही जाता येतं. आईबापांना सांगून, देशाला सांगून, हातात बंदूक न घेता. ज्याला गाझाचं किंवा शामचं दुःख झोपू देत नाही, त्यानं डॉक्टर व्हावं, नर्स व्हावं, वकील व्हावं, पत्रकार व्हावं. त्याला वेळ लागतो, म्हणून ते अवघड वाटतं. बंदुकीचं आमिष हेच, की तिला अभ्यास लागत नाही.

सरकारशी दोन शब्द

भारताशी शांतता असलेल्या देशाविरुद्ध लढायला जाणं हा आपल्याकडं जुनाच गुन्हा आहे. इंग्रजांच्या दंडसंहितेतल्या १२५ कलमापासून तो चालत आला आणि नव्या न्यायसंहितेतही कायम आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. ती असावी. मला तक्रार कायद्याची नाही, त्याच्या चालीची आहे. कल्याणच्या परतलेल्या मुलाचा जामीन उच्च न्यायालयानं कायम केला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ तो कच्चा कैदी होता. खटला तोवर संपला नव्हता. दोषी असेल तर शिक्षा द्या, नसेल तर सोडा. पण लटकवून ठेवलेला खटला कुणालाच काही शिकवत नाही.

याच महाराष्ट्रात दुसरं उदाहरण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली सोळा वर्षांची एक मुलगी इंटरनेटवरून आयसिसच्या नादी लागल्याचं एटीएसला कळलं. तिला तुरुंगात टाकलं नाही. घरच्यांना सोबत घेऊन, समजावून परत आणलं. याबद्दल पोलिसांना शाबासकी द्यायला मी कचरणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं सप्टेंबर २०१४ मध्ये या प्रश्नावर २१७८ क्रमांकाचा ठराव केला, त्यातही खटल्याबरोबर पुनर्वसनाची भाषा आहे. कारण सरळ आहे. मुलाची पहिली खबर बापाला लागते. खबर दिली तर मूल वाचेल असा भरवसा असेल, तरच बाप पोलीस ठाण्याची पायरी चढेल. खबर देणाऱ्याच्याच घराची झडती आणि टीव्हीवर तमाशा होणार असेल, तर तो गप्प बसेल. बापाचं तोंड बंद झालं, तर ती बातमी तुम्हाला दुसरीकडं कुठून मिळणार?

आणि मोहल्ल्यातल्या जिम्मेदार लोकांना एवढंच म्हणेन. पोराच्या मोबाइलवर डोळे ठेवण्याआधी त्याच्याशी बोला. खुतब्यातली पाच मिनिटं या विषयाला द्या, आणि मुलांना कळेल अशा भाषेत द्या, दखनीत द्या, मराठीत द्या. शाळेत असा प्रश्न आला, तर दाराकडं पाहू नका.

तो मुलगा कुठंही गेला नाही. आज शहरात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन लेकरांचा बाप आहे. मागच्या रमजानमध्ये इफ्तारीच्या वेळी भेटला. मीच विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही घाबरलात, ते मला कळलं होतं. मग मी मामूंना विचारलं. त्यांनी रात्रभर बसून समजावलं."

त्याला मामू होते. सगळ्यांना नसतात. त्या रात्री मामूंच्या जागी फोनमधला कुणी असता, तर आज मी काय लिहीत असतो, हा विचार मला सोडत नाही. यंदा शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दहावीच्या वर्गात हा विषय स्वतःहून काढला. दार उघडं ठेवलं होतं.